इमारत संगणकात कशी पाडायची? : वाचकांचे प्रश्न

भूकंपात इमारत कशी आणि कधी कोसळेल हे संगणकावर आधी पाहायचं, आणि तेही एका रनसाठी, म्हणजे संगणकावरच्या एका पूर्ण गणितासाठी, आठवडाभर न थांबता, हा माझा रोजचा उद्योग. या विषयावरची पत्रं बरीच साठली होती. त्यातली सहा इथे घेतली आहेत. लांब पत्रं कापली आहेत, रागावू नये.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. न्यूटनचे नियम माहीत आहेत, काँक्रीट-पोलादाचे गुणधर्म माहीत आहेत, संगणक अफाट वेगवान झाले आहेत. मग इमारतीचे बारीक तुकडे करून सगळं सरळ सोडवत का नाही? 'कार्यक्षम' पद्धतींचा एवढा खटाटोप कशाला?

सर, हिशेबच मांडू. दहा मजली साधी इमारत घ्या, २० मीटर बाय १५ मीटर. स्लॅब, बीम, कॉलम मिळून ७५० घनमीटर काँक्रीट धरू. त्याचे ५ सेंटीमीटरचे घन पाडले तर एका घनमीटरात ८,०००, म्हणजे एकूण ६० लाख तुकडे. आता वेळेचे तुकडे पाडू. काँक्रीटमधून दाबाची लहर सेकंदाला साधारण ३,६०० मीटर जाते. आधीच्या क्षणावरून पुढचा क्षण थेट काढत जाणारं गणित, ज्याला आम्ही एक्स्प्लिसिट म्हणतो, त्यात एका पावलात ही लहर एक तुकडा ओलांडून जाता कामा नये. गेली तर आकडे फुगत जातात आणि सगळा रन वाया. ही मर्यादा कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्येच सांगून ठेवली आहे, संगणक यायच्या कितीतरी आधी. ५ सेंटीमीटरला ३,६०० मीटरनं भागलं की पाऊल येतं १४ मायक्रोसेकंदांचं. ४० सेकंदांच्या हादऱ्याला अशी २८ लाखांहून जास्त पावलं लागतात. दोन्हींचा गुणाकार सुमारे १७ लाख कोटी. तितक्या वेळा एकेका तुकड्याचा ताण, त्यातली भेग, सळईची पकड, सगळं नव्यानं काढायचं.

तुकड्याची बाजू निम्मी केली तर तुकडे आठपट, पावलं दुप्पट आणि काम सोळापट. शिवाय पाऊल ठरतं ते सगळ्यात लहान तुकड्यावरून. सहलीची रांग सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या चालीनं चालते, तसंच हे. जिन्याच्या कोपऱ्यात मेश करताना, म्हणजे हे तुकडे पाडताना, ५ मिलिमीटरचा एक चपटा तुकडा चुकून राहिला, तर त्या एकट्यापायी अख्खी इमारत दहापट हळू चालते. रन लावण्याआधी सगळ्यात लहान एलिमेंट, म्हणजे तुकडा, कुठे आहे ते शोधायचं, ही मी नव्या माणसाला शिकवते ती पहिली गोष्ट.

आणि बारीक मेश म्हणजे जास्त खरं, हेही गृहीत धरू नका. काँक्रीट एकदा कमाल ताणापुढे गेलं की त्याची ताकद उतरायला लागते, आणि सगळी इजा एकाच तुकड्यात गोळा होते. तुकडा जितका लहान तितकी फुटण्यात खर्च होणारी ऊर्जा कमी. म्हणजे मेश बारीक करत जाल तसतशी तीच इमारत आणखी लवकर पडत जाते! बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये यावर उपाय दिला : भेगेला लागणारी ऊर्जा कायम ठेवायची आणि तुकड्याच्या मापानुसार पदार्थाचा उतरता आलेख बदलायचा. हे न करता काढलेली चित्रं देखणी असतात, पण त्यावर मी तरी सही करणार नाही.

म्हणून रोजच्या कामात आम्ही अख्खा कॉलम एकाच एलिमेंटनं दाखवतो. त्यावर चार-पाच ठिकाणी छेद घ्यायचे आणि प्रत्येक छेदात काँक्रीटचे आणि सळयांचे धागे मांडायचे. इमारत हजारभर एलिमेंटमध्ये बसते. न्यूमार्कनं १९५९ मध्ये दिलेल्या पद्धतीनं ०.००५ सेकंदाचं पाऊल घेतलं की ४० सेकंदांना ८,००० पावलं. यात प्रत्येक पावलाला समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो हे खरं, पण १७ लाख कोटींपुढे तो काहीच नाही.

खटाटोप कशाला, याचं खरं उत्तर मात्र वेगळंच आहे. एका भूकंपाची नोंद (जमीन कशी हलली तिचा आलेख) लावून इमारत पडली किंवा उभी राहिली, यावरून काहीच ठरत नाही. पुढचा भूकंप तसाच येणार नसतो. वाम्वात्सिकोस आणि कॉर्नेल यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकेक नोंद घेऊन तिचा जोर पायरीपायरीनं वाढवत नेतात, इमारत पडेपर्यंत. अमेरिकेतल्या 'फेमा पी-६९५' या २००९ च्या दस्तऐवजात दूरच्या भूकंपांच्या २२ जोड्या, म्हणजे ४४ नोंदी आहेत, आणि निम्म्या नोंदींना इमारत पडेल तो जोर शोधायचा असतो. प्रत्येक नोंदीला दहा पायऱ्या धरल्या तर ४४० रन. एक रन एक रात्र घेत असेल तर वर्ष उलटून जाईल. तोच रन दहा मिनिटांचा झाला तर तीन दिवसांत काम हातावेगळं. कोसळण्याची एक सुबक फिल्म मला नको असते, ४४० साधी उत्तरं हवी असतात.

या पायऱ्यांत एक गंमत दिसते. कमी जोराला पडलेली इमारत त्याच नोंदीच्या जास्त जोराला कधी कधी उभी राहते. जोर वाढल्यावर ती आधी दुसरीकडे कुठेतरी मोडते, तिचा आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, बदलतो आणि पुढचा मोठा धक्का चुकतो. एकाच रनवर विसंबू नये याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

प्रश्न : मॅडम, मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. चार मजली काँक्रीट चौकटीचं मॉडेल ओपनसीज या सॉफ्टवेअरमध्ये केलं आहे. भूकंपाची नोंद लावली की १२.४ सेकंदाला 'कन्व्हर्ज झालं नाही' (उत्तर जुळलं नाही) असं सांगून रन बंद पडतो. आमचे मार्गदर्शक म्हणतात, तिथे इमारत कोसळली असं लिही. लिहू का?

इतक्यात नको. तुझ्या मार्गदर्शकांचं बोलणं अगदीच निराधार नाही, वेळ वाचवायला बरेच जण असंच लिहून मोकळे होतात. पण गणित बंद पडणं आणि इमारत पडणं या दोन घटना आहेत. दोन्हींचा मुक्काम बहुतेक एकाच परिसरात असतो, कारण इमारतीची कडेची ताठरता शून्याजवळ आली की फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ जाणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीलाही उत्तर सापडेनासं होतं. तरी गल्लत करायची नाही.

आधी १२.४ सेकंदापर्यंतची प्रत्येक मजल्याची सरक, म्हणजे तळापेक्षा त्याचं छत किती बाजूला गेलं ते, बघ. ३ मीटरच्या मजल्यात ६ सेंटीमीटर, म्हणजे २ टक्के सरक असेल, तर नीट बांधलेली चौकट तिथे पडत नाही. तुझं गणित अडलंय. सरक ३० सेंटीमीटर झाली असेल, दर हिसक्याला एकाच बाजूला वाढत असेल आणि परत फिरत नसेल, तर कोसळणं म्हणायला हरकत नाही.

मग लॉग फाइल उघड आणि शेवटच्या पावलातला शिल्लक (अजून न जुळलेल्या) बलाचा आकडा दर फेरीला कसा बदलतो ते वाच. तो ०.००८, ०.००३, ०.००८, ०.००३ असा दोन आकड्यांत झुलत असेल, तर कुठलातरी एक धागा 'भेग उघडली' आणि 'भेग मिटली' या दोन अवस्थांत अडकलाय. त्या पावलापुरतं ०.००५ सेकंदाचं ०.०००५ कर, किंवा न्यूटन बदलून तिचाच क्रायलॉव्ह-न्यूटन हा प्रकार लाव. बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते, मग परत मूळ पाऊल घे. आकडा प्रत्येक फेरीला वाढतच जात असेल तर प्रकरण वेगळं, तिथे खरोखर ताकद संपत आली असण्याची शक्यता आहे. काहीही झालं तरी चूक चालवून घेण्याची मर्यादा हजारपट सैल करून रन पुढे ढकलू नकोस. तो पूर्ण होईल, उत्तराला अर्थ राहणार नाही.

आता तू पत्रात न लिहिलेल्या तीन गोष्टी. पहिली : कॉलमला 'लिनिअर' रूपांतरण दिलंयस की 'पी-डेल्टा', म्हणजे बाजूला सरकलेल्या वजनाचा परिणाम धरणारं? लिनिअर असेल तर तुझी इमारत कडेला कोसळूच शकत नाही, कितीही हलव. १०० टनांचा भार २० सेंटीमीटर सरकला की नुसत्या वजनानं तळाशी सुमारे २०० किलोन्यूटन-मीटरचं जास्तीचं वाकवणं येतं, आणि शेवटी इमारतीला आडवं करतं ते हेच वजन. सरक फार मोठी होणार असेल तर 'कोरोटेशनल' घे.

दुसरी गोष्ट डॅम्पिंगची, म्हणजे हेलकावे शमवणाऱ्या बलाची, आणि इथे फसलेली मॉडेल्स मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. रेले डॅम्पिंग (वस्तुमान आणि ताठरता यांच्या प्रमाणात धरलेलं) सुरुवातीच्या ताठरतेला बांधलं असेल तर सांधा मोडून मऊ झाला तरी डॅम्पिंग जुन्याच ताठरतेच्या हिशेबानं त्याला धरून ठेवतं. कागदावर ५ टक्के, पण मोडलेल्या सांध्यात इतकं मोठं बल की जे खऱ्या इमारतीत कुठूनच येणार नाही. त्यामुळे पडायची इमारत पडत नाही. ताठरतेचा भाग चालू, बदलत्या ताठरतेला बांध. आणि रन संपल्यावर डॅम्पिंगचं बल एकदा सांध्याच्या ताकदीशेजारी ठेवून बघ.

तिसरी : रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी. तुझ्या चौकटीत कॉलमच्या रिंगा लांब लांब असतील, तर ती कडेला झुकून पडण्याआधी कॉलम कातरला जाऊन खाली बसेल. धाग्यांच्या एलिमेंटला कातरणं दिसतच नाही, तो वाकत राहतो, वाकत राहतो आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतो. केनेथ एल्वूड यांनी यासाठी सरकेवर आधारित कातर आणि उभ्या भाराच्या मर्यादा दिल्या आहेत, ओपनसीजमध्ये त्या 'लिमिट स्टेट' नावानं सापडतील. कॉलमच्या टोकाला तो स्प्रिंग जोड. हे सगळं करूनही १२.४ लाच अडलं, तर खुशाल लिही, फक्त कोणत्या निकषावर लिहिलंस तेही लिही.

प्रश्न : आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. गृहसंस्थेच्या वतीनं तिचं असं सिम्युलेशन करून घ्यावं का?

आधी नको. मूळ नकाशे आहेत का, आणि कॉलममध्ये खरोखर किती सळई आहे, हे तपासून घ्या. तळमजला गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा असेल, वर भिंतीच भिंती असतील, तर धोका कुठे आहे हे सांगायला माझ्या संगणकाची गरज नाही, कोणताही बरा स्ट्रक्चरल इंजिनिअर पायी फिरून सांगेल. सळई अंदाजानं भरून केलेलं सिम्युलेशन हा रंगीत अंदाजच असतो. मजबुतीकरणाचे दोन-तीन पर्याय समोर आले आणि त्यातून निवड करायची झाली, की मग या.

प्रश्न : इमारत कोसळतानाचे सिम्युलेशनचे व्हिडिओ पाहिले. तुकडे उडतात, धूळ उठते. यातलं खरं किती?

धूळ तर हमखास वरून घातलेली. तुकड्यांचं सांगते.

चौकट मोडून सुटी होईपर्यंतचं गणित एक, आणि सुटे तुकडे एकमेकांवर आपटतात त्याचं दुसरं. नेहमीच्या फायनाइट एलिमेंटमध्ये शेजारी शेजाऱ्याला धरून असतो, त्यामुळे तुटणं जमवून आणावं लागतं. पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये खडकांसाठी सुट्या ठोकळ्यांची पद्धत काढली. पुढे टोकियो विद्यापीठात किमिरो मेगुरो आणि हातेम तागेल-दिन यांनी ताठ ठोकळे स्प्रिंगांनी जोडायची अप्लाइड एलिमेंट पद्धत विकसित केली. स्प्रिंग तुटली की ठोकळे सुटे, आणि परत भेटले की धडक. त्सुकुबा विद्यापीठाच्या दाइगोरो इसोबे यांचा मार्ग मला विशेष आवडतो. एका बीमला किंवा कॉलमला ते फक्त दोन एलिमेंट देतात, आणि मोड जिथे येईल तिथे एलिमेंटच्या आतला गणिताचा बिंदू सरकवतात. मेश बदलायची नाही, एलिमेंट वाढवायचे नाहीत. एवढ्या काटकसरीत अख्ख्या इमारती पडताना पाहता येतात.

त्यांनी मेक्सिको सिटीतल्या नुएवो लेओन इमारतीवर काम केलं. अरुंद फट ठेवून रांगेत उभ्या केलेल्या तीन सारख्या इमारती, १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात त्यातल्या दोन कोसळल्या. तिन्हींचा आवर्तकाल अगदी सारखा धरला तर त्या एका तालात डोलतात आणि फट पुरते. एकीचा थोडा वाढवला की ताल चुकतो, टक्कर सुरू होते आणि पडझड होते. प्रश्न नेमका असला की साधं मॉडेल किती सांगून जातं, त्याचा हा नमुना.

पडताळा कसा घेतात? जपानमधल्या मिकी इथे ई-डिफेन्स नावाचं हलतं व्यासपीठ आहे, २० मीटर बाय १५ मीटर, १,२०० टनांपर्यंतचा भार घेणारं. २००७ मध्ये तिथे पोलादी चौकटीची चार मजली इमारत खऱ्या मापात उभी केली आणि १९९५ च्या कोबे भूकंपातली ताकातोरी स्थानकाची नोंद लावली. ६० टक्के जोराला ती उभी राहिली, पूर्ण जोराला तळमजल्यात कोसळली. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांना पोकळ नळीचा पत्रा फुगून चुरगळला होता. चाचणीआधी जगभरातल्या गटांकडून अंदाज मागवले होते. ज्या मॉडेलात हे चुरगळणं घातलेलंच नाही ते खऱ्या चौकटीपेक्षा जास्त वेळ तग धरणार, हे उघड आहे.

तर तुमच्या व्हिडिओत कोणता मजला आधी गेला आणि साधारण कोणत्या जोराला, यावर पडताळलेलं मॉडेल असेल तर विश्वास ठेवा. कोणता तुकडा कुठे जाऊन पडला, यावर मुळीच नको. पहिल्या धडकेचा कोन अंशभर बदलला की ढिगाचा आकार बदलतो. क्राइस्टचर्चची सहा मजली सीटीव्ही इमारत २२ फेब्रुवारी २०११ ला कोसळली, ११५ माणसं गेली. तिच्या चौकशीत तर इमारत कशी होती, कुठे उभी होती, हादरा कसा होता हे बरंच माहीत असूनही, कोसळण्याची सुरुवात कुठून झाली याच्या एकाहून अधिक शक्यता मांडाव्या लागल्या.

प्रश्न : मी प्रोग्रॅमर आहे. हे सगळं ग्राफिक्स कार्डवर का टाकत नाही? आणि एआयला शिकवून मोकळं का होत नाही?

टाकतात की. एक्स्प्लिसिट गणितात प्रत्येक तुकडा आपल्या शेजाऱ्यांपुरतं बघतो, त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या हजारो हिशेबांत काम वाटता येतं आणि कार्ड झकास चालतं. पण ४० सेकंदांची २८ लाख पावलं एकामागून एकच घ्यावी लागतात, त्यांची वाटणी होत नाही. त्यात लाखो पावलांत गोलाईची चूक साठत जाते म्हणून दुहेरी अचूकता, म्हणजे जास्त अंकांपर्यंतचे आकडे, लागते, आणि खेळांसाठीची कार्डं नेमकी तिथेच मंदावतात. धडका शोधणं हे आणखी एक दुखणं. लाख तुकड्यांत प्रत्येक जोडी तपासायची तर ५०० कोटी जोड्या होतात. जागेचे चौकोनी कप्पे पाडून फक्त शेजारच्या कप्प्यांत बघा, एरवी बाकी सगळी हुशारी फुकट.

माझ्या ४४० रनांना मात्र यातलं काही लागत नाही. ते एकमेकांवर अवलंबूनच नाहीत, जितके प्रोसेसर तितके रन एका वेळी.

एका सोयीपासून सावध राहा. काही सॉफ्टवेअरमध्ये मास स्केलिंगची कळ असते : लहान तुकड्यांचं वस्तुमान खोटं वाढवायचं, म्हणजे लहर हळू जाते आणि पाऊल मोठं घेता येतं. पत्रा दाबून आकार देण्याच्या गणितात ते खपतं. भूकंपात बल येतं तेच वस्तुमान गुणिले त्वरण असं, त्यामुळे वस्तुमान वाढवलंत की हादराच वाढवलात. मोजक्या चिमुकल्या तुकड्यांपुरतं करा, आणि एकूण किती किलो वाढले तो आकडा अहवालात लिहा.

एआयचं एवढंच. शेकडो रन आधी करून ठेवले असतील तर त्यांच्या मधल्या जागा ते छान भरतं. त्या रनांत कॉलम कधी कातरलाच नसेल, तर ते कातरणं त्याला सुचणार नाही.

प्रश्न : या विषयात सुरुवात कुठून करू? घरी साधा लॅपटॉप आहे. धरणांचीही आवड आहे.

लॅपटॉप पुरे. ओपनसीज बर्कलेहून आलेलं आहे आणि शिकण्यासाठी फुकट मिळतं. धरणांसाठी जगभरचे लोक ज्यावर प्रोग्रॅम तपासतात ते उदाहरण कोयनेचं : डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाचा उतार जिथे बदलतो त्या उंचीला भेगा पडल्या, आणि तुमच्या मॉडेलनं भेग तिथेच दाखवायला हवी. पण ते नंतर.

आधी एकच कॉलम घ्या. उंची ३ मीटर, डोक्यावर १,००० किलोन्यूटन वजन, कडेची ताठरता मीटरला ५,००० किलोन्यूटन, आणि २ सेंटीमीटर सरकेला तो नमतो (कायमचा वाकू लागतो), म्हणजे १०० किलोन्यूटनला. नमल्यानंतर ताठरता २ टक्के उरते, म्हणजे मीटरला १०० किलोन्यूटन. वजन मात्र मीटरला ३३३ किलोन्यूटन खाऊन टाकतं (१,००० भागिले ३). वजाबाकी केली की नमल्यानंतरची ताठरता उणे २३३. म्हणजे नमल्यानंतर कॉलम जितका सरकेल तितका दुबळा होत जाणार. कागदावर सोडवलं तर ४२ सेंटीमीटरला कडेचा प्रतिकार शून्य होतो. हाच कॉलम ओपनसीजमध्ये पी-डेल्टासकट उभा करा, सरक नियंत्रित ठेवून हळूहळू ढकला आणि आलेख काढा. तो ४२ सेंटीमीटरच्या आसपास शून्याला टेकला, तरच त्याला भूकंपाची पहिली नोंद लावा.